बांबूच्या आत

त्यांनी माझ्या पाटीवरचं ओलं फडकं उचललं आणि मगभर ब्लिचिंग पावडर कोळंबीवर ओतली.

ते बिल्डिंगचे सेक्रेटरी. डोंबिवली पश्चिमेची बिल्डिंग. कित्येक वर्षं आमच्याकडून मासे घेणारं घर. आधी माझ्या आयकडून, तिचे गुडघे गेल्यावर माझ्याकडून. त्यांची बायको मागे उभी. आठवड्यापूर्वी तिने मला चहा दिलेला. आता तिने पदर नाकाला लावलेला.

"तुमच्या वस्तीतून रोग येतोय," सेक्रेटरी म्हणाले. "यापुढे गेटच्या आत पाय ठेवायचा नाही. आईलाही सांग."

मी एकोणीस वर्षांची होते. दहावी पास होते. तरी पाटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. पावडर पाटीच्या फटींतून गळत होती. मानेवर, पाठीवर. आग आग होत होती. खाडीवर जाऊन पाटी उलटी केली, अंग धुतलं. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. माझीच लाज वाटली. हे सांगायला आजही जड जातं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात कॉलरा आलेला. खोटं बोलणार नाही, रोग आमच्याकडे होताच. शेजारच्या यमुनाकाकीची चार वर्षांची नात, चिंगी. काल अंगणात खेळत होती, आज नव्हती. आयने तिला मांडीवर घेऊन मीठ-साखरेचं पाणी पाजलेलं, चमच्या-चमच्याने. पोटात ठरलंच नाही.

चिंगी गेली आणि दोन दिवसांनी गावाच्या रस्त्यावर आडवे बांबू लागले. हवालदार बसला. आतलं माणूस बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही. होड्या बंद, मासे विकणं बंद.

आमच्या घरात त्यावरून रोज भांडण.

"रोगानं नाय मेलो तर उपाशी मरू," बाबा म्हणायचा.

"चिंगीला शेवटची आंघोळ मी घातलीय, तू नाय," आय म्हणायची. "ऱ्हाऊ दे ते बांबू."

मला दोघांचंही पटायचं. आजही पटतं.

मग नारायणदादाचं झालं. आमच्याच गल्लीतला. त्याला कॉलरा नव्हताच. छातीत कळ आली. आम्ही खाटेवर घालून बांबूपर्यंत नेला. हवालदार म्हणाला, "चिठ्ठी लागेल." चिठ्ठी वॉर्ड ऑफिसातून यायची. ऑफिसात जायचं तर बांबू ओलांडायला हवा. हवालदार वाईट नव्हता. त्याने बाहेरच्या एकाला चिठ्ठी आणायला पिटाळलं, पाणी आणून दिलं. पण बांबू उचलला नाही. चिठ्ठी आली तेव्हा नारायणदादाची बायको त्याचे पाय सरळ करत होती.

आणि हे सगळं चाललेलं असताना नळाला पाणी तेच. आमची लाइन गटारातून यायची, दोन ठिकाणी फुटलेली. तपासायला आलेला डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणालेला, रोग पाण्यातून येतोय. त्याने लिहूनही दिलेलं. लाइनकडे कोणी फिरकलं नाही. माणसं बंद, नळ चालू.

पंधरा दिवसांनी वॉर्ड ऑफिसात मीटिंग लागली. बंदी उठवायची की वाढवायची. गावातून दोघांना चिठ्ठी देऊन बोलावलं. सगळ्यात वयस्कर म्हणून धर्माबाबा, आणि वाचता येतं म्हणून मी. आत खुर्च्या मांडलेल्या. त्यावर वॉर्डाचे साहेब, तोच डॉक्टर, आजूबाजूच्या सोसायट्यांची माणसं. आमचे सेक्रेटरीही होते. शिपाई आम्हाला म्हणाला, "तुम्ही दाराशीच उभे राहा." धर्माबाबा सत्तरीचे. दाराची चौकट धरून उभे राहिले.

चर्चा सभ्य होती. कोणी आवाज चढवला नाही. एक महिना वाढवावी असं बहुतेकांचं मत पडलं. सेक्रेटरी म्हणाले, "त्यांना थोडा त्रास होईल, कबूल. पण जीव वाचतायत ना?"

साहेबांनी शिपायाकडून एक कागद आमच्याकडे पाठवला. "इथे अंगठा घ्या बाबांचा. तू सही कर."

मी वाचला. लिहिलेलं, आम्हा ग्रामस्थांची बंदीला राजीखुशीने संमती आहे. पाण्याचा शब्द नाही. नारायणदादाचा नाही. धर्माबाबांचा अंगठा शाईच्या डबीकडे गेलेला. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, थांबा."

मग मी आत गेले. कडेची एक रिकामी खुर्ची ओढली, धर्माबाबांना बसवलं. दुसरी ओढून मी बसले.

"कोणाचे जीव?" मी विचारलं.

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. ओळख दाखवली नाही.

"नारायणदादा तुमच्या बांबूपाशी मेला. त्याला रोग नव्हता. त्याला कोणत्या हिशोबात धरलंत?"

"हे बघ, तू शिकलेली दिसतेस," साहेब म्हणाले. "नीट बोल."

"नीटच बोलतेय. बंदी घाला. आमचीही पोरं मरतायत, आम्हाला रोग थांबायला नकोय का? पण टँकर पाठवा. रेशन आत पाठवा. आजाऱ्याला चिठ्ठीशिवाय सोडा. हे लिहा, मग सही करते. नाहीतर तुमची बंदी तुमच्या सहीने घाला. माझं नाव त्यात नको."

डॉक्टर खाली बघत म्हणाला, "पाण्याचं तिचं बरोबर आहे."

कागद तसाच परत गेला. बंदी वाढलीच. आमच्या सहीवाचून वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बाया रिकामे हंडे घेऊन बांबूपाशी बसल्या. आय सगळ्यात पुढे, दुखरे पाय पसरून. दुपार कलली तरी कोणी उठलं नाही. संध्याकाळी टँकर आला. नंतर रोज आला. आजार हळूहळू ओसरला.

बंदीने ओसरला की पाण्याने, यावर बाबा आणि आय मरेपर्यंत भांडले. मला नाही माहीत. दोन्हीने असेल. ज्यांना नक्की माहीत असतं, ते बहुतेक बांबूच्या बाहेरचे असतात.

मला एवढंच कळतं. पुन्हा साथ येईल. पुन्हा कोणाला तरी कोंडायचं ठरेल, आणि कदाचित ते बरोबरही असेल. पण जो कोंडला जाणार, तो हे ठरतं त्या खोलीत खुर्चीवर बसलेला पाहिजे. नसेल तर मी त्याला आत घेऊन जाईन. दारात कोणीही आडवं येवो.