हिरवी वांगी

परक्या देशात गेल्यावर माणसं आधी नमस्कार शिकतात. मी शिकले ते 'माई साई नाम प्ला', म्हणजे माशाचं पाणी घालू नका. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही थायलंडच्या उत्तरेला, चिआंग माईत राहतो. इथे खाण्याच्या प्रत्येक गाडीवर त्या खारट पाण्याची बाटली असते आणि ती कशात ओतली जाईल याचा नेम नसतो. माझं त्या वाक्यावाचून फारसं अडलं नव्हतं, पण नाना येणार होते, म्हणून घोकून पाठ केलं.

नाना म्हणजे माझे वडील. एरंडोलजवळच्या आमच्या गावात जन्मभर कपाशी केली, अंड्याला कधी हात लावला नाही. आई गेल्यावर ते घरात एकटे राहिले. एका सकाळी मोरीत पाय घसरून पडले. शेजारच्या अक्का दूध द्यायला आल्या, हाकेला उत्तर नाही म्हणून दार ढकललं, तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, पण मी इकडे जो धसका घेतला तो गेला नाही. त्यात नानांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं. चुलतभावाकडून डबा यायचा आणि अर्धा परत जायचा. साखरेची गोळी मात्र ते न चुकता घ्यायचे. रिकाम्या पोटी गोळी घेतली आणि पुन्हा पडले तर? हा एक प्रश्न मी दिवसभर बरोबर घेऊन फिरायचे. शेवटी 'फिरायला या' म्हणून त्यांना बोलावलं. एकदा आले की परत पाठवायचं नाही, हे माझं मनाशी पक्कं होतं.

नाना आले ते दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची पिशवी घेऊन. ती होती तोवर बरं चाललं. ती संपली आणि माझ्या हातचा स्वयंपाक सुरू झाला. दोन घास खाऊन ते ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "माले भूक नही शे, माय." मी भाकरी करून पाहिली, शेवभाजी करून पाहिली, मॉलमधून जांभळी जाडजूड वांगी आणून गॅसवर भरीतही केलं. भरताकडे त्यांनी बघितलं आणि दहीभात मागितला. एका दुपारी पेला धरताना त्यांचा हात थरथरला. साखर उतरली म्हणून मी धावत साखरेचं पाणी केलं आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. नवरा म्हणाला, "तू काळजीचं दुकान टाक. गिऱ्हाईक आलं नाही तरी तू उघडं ठेवशील."

घरचं जात नाही तर बाहेरचं तरी जाईल, म्हणून मी त्यांना रोज संध्याकाळी रस्त्यावरच्या बाजारात न्यायला लागले. दोन वर्षं ज्या गाड्यांवरून मी नाक मुरडून गेले होते, त्या आता एकेक करून तपासू लागले. आप्पेपात्रासारख्या बिडाच्या पात्रात नारळाच्या दुधाचे गोळे होत होते. सुरेख होते, पण गोड. निखाऱ्यावर केळी भाजत होती. नाना थबकले, म्हणाले, "ह्या लोके केळं बी भाजतस!" आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. पण केळ्यातही साखर. कच्च्या पपईची कोशिंबीर कुटत होते तिथे मिरचीच्या वासाने त्यांचे डोळे चमकले, तेवढ्यात मला बरणीत काळे खेकडे दिसले. मी त्यांना दंडाला धरून पुढे ओढलं. गोड असेल तिथे साखर आणि तिखट असेल तिथे मासा, मग या माणसाला खायला घालायचं काय?

बाजाराच्या टोकाला नानांच्याच वयाची एक बाई बसायची. एका संध्याकाळी नाना तिच्यासमोर उभे राहिले ते हलेनात. तिच्या निखाऱ्यावर लांबट हिरवी वांगी भाजत होती, शेजारी हिरव्या मिरच्या आणि लसूण.

"हाई वांगं ते आपलं शे," नाना म्हणाले.

मला स्वतःचा राग आला. आमच्याकडे भरीत करतात ते हिरव्या वांग्याचं. आई कपाशीच्या काड्यांवर ती भाजायची आणि मिरचीसकट लाकडी उखळात ठेचायची. आणि मी त्या माणसापुढे जांभळं वांगं ठेवलं होतं! बाईने साल काढलं, वांगं उखळात टाकलं आणि तिचा हात बाटलीकडे गेला. मी एवढ्या जोरात 'माई साई नाम प्ला' म्हणाले की शेजारचे दोघे वळून बघायला लागले. मग मनात आलं, त्या उखळात आधी काय कुटलं असेल? मी उखळाकडे बोट दाखवलं, नानांकडे दाखवलं, हात जोडले. बाई हसली. तिने गाडीखालून दुसरं, कोरडं स्वच्छ उखळ काढलं आणि त्यात दुसरं वांगं घेऊन सगळं नव्याने ठेचलं.

नानांनी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चिकट भाताबरोबर ते पानावरचं सगळं संपवलं. मी त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होते. "बठ्ठं खाई टाकं," ते स्वतःच नवल वाटल्यासारखे म्हणाले, आणि मग हळूच, "तुनी माय बी आसंच ठोके."

मला वाटलं, जिंकले. नाना आता राहणार. त्यानंतर ते रोज संध्याकाळी माझ्याआधी चपला घालून तयार व्हायचे. बाईला त्यांची भाषा येत नव्हती आणि यांना तिची, तरी तिने त्यांच्या हातात चिमटा दिला. नाना वांगी फिरवायला लागले. पुढे साल काढायला लागले, तिच्यासारखीच बोटं पाण्यात बुडवून. मग एक दिवस ठेचायलाही बसले. चेहऱ्यावर तुकतुकी आली, साखर ताळ्यावर आली. मी त्यांचा व्हिसा वाढवायची चौकशी सुरू केली, आणि कित्येक महिन्यांनी मला धड झोप लागली.

एका संध्याकाळी बाजारातून परत येताना ते म्हणाले, "आते माले घर जानं शे."

मी रस्त्यातच थांबले. "आता तर कुठे जेवायला लागलात!"

"म्हनीसनच," ते म्हणाले. "आते माले बी येस."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होते, ते रोज चवीसाठी जातात. ते शिकायला जात होते. आईबरोबर भरीतही गेलं असं त्यांनी धरलं होतं, आणि या परक्या बाईने ते दुसऱ्याच्या हातचंही होतं हे दाखवलं. ज्या पदार्थाने त्यांना बांधून ठेवीन म्हणून मी उड्या मारत होते, त्यानेच त्यांना मोकळं केलं. मी चिडले, रडले. "पुन्हा पडलात तर?" म्हटलं.

"आठे काय मोरी नही शे?" ते म्हणाले. मोरी तर इथेही होती.

नाना गावी परतले. निघताना त्या बाईने त्यांना एक लहान उखळ दिलं, ते त्यांनी बॅगेत न टाकता मांडीवर धरून नेलं.

आता मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करते. पहिल्या वेळी उचलला नाही तेव्हा मी अक्कांना, चुलतभावाला, सगळ्यांना त्यांच्या घराकडे पळवलं. मग नानांचाच फोन आला, "हात भरेल व्हतात, माय. वांगं सोलत व्हतू." नवरा अजून त्यावरून चिडवतो.

पण अजूनही कधीकधी फोन वाजत राहतो, वाजत राहतो आणि बंद होतो. मी घड्याळाकडे बघत स्वतःला सांगते, वांगं सोलत असतील. आणि एक वांगं सोलायला किती थोडा वेळ लागतो, हे आता मला चांगलं ठाऊक आहे.