साठ टक्क्यांवरची बॅटरी

देवदत्तइतका वस्तू जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या या गुणाचा मला कायम राग यायचा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याचे बूट सहा वर्षांचे, गाडी चौदा वर्षांची, पण बघणाऱ्याला वाटावं कालच आणलेत. मी दर दोन वर्षांनी फोन बदलतो म्हणून तो मला उधळ्या म्हणायचा.

ऑगस्टमध्ये त्याची नोकरी गेली. एच-वन व्हिसावर असलं की त्यानंतर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर बायको नीलांबरी आणि तिसरीतली अनया यांना घेऊन परत नागपूर. ऑफिसचा लॅपटॉप लगेच परत गेला. घरात एक जुना पडला होता, त्यावर देवदत्तने विंडोज काढून फुकटातलं लिनक्स टाकलं.

लिनक्स छान पळायला लागलं, पण ब्राइटनेसची बटणं दाबून काही होईना, आणि बॅटरी तासाभरात मान टाकू लागली. दुसरा कुणी नवा लॅपटॉप आणून मोकळा झाला असता. हा चार दिवस हात धुऊन मागे लागला. मशीन सुरू होताना वाचली जाते त्या फाइलमध्ये एक ओळ घातली, बटणं चालू झाली. नवी बॅटरी आणून बसवली, विनाकारण वीज खाणारे प्रोग्रॅम बंद केले, आणि बॅटरी साठ टक्क्यांच्या वर चार्जच होणार नाही असं लिमिट घातलं.

"सतत फुल ठेवली की बॅटरी लवकर मरते," तो मला समजावत म्हणाला. "साठवर ठेवली की पाच वर्षं बघायला नको."

"अरे, तुझे दिवस किती उरलेत?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. तो हसला नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी एका कंपनीत मुलाखतीची शेवटची फेरी ठरली. चार तास, चार माणसं, सगळं व्हिडिओवर. आदल्या संध्याकाळी वीज कंपनीचा मेसेज आला की वारा फार आहे, तारा पडून वणवा लागेल या भीतीने उद्या वीज बंद ठेवावी लागेल. नीलांबरीने त्याला दोनदा सांगितलं, "लिमिट काढ, फुल चार्ज कर." तो म्हणाला, साठ टक्क्यांत साडेचार तास चालतो, मी मोजलंय.

मग ती माझ्याकडे आली. "उद्यापुरता तुमचा लॅपटॉप द्याल का?"

"ऑफिसचा आहे, पॉलिसीत बसत नाही," मी म्हणालो. ते खरंही होतं. पण आमच्याकडेही माणसं कमी करायची कुजबुज चालली होती. मी भ्यालो, सरळ सांगतो.

दहाला मुलाखत सुरू झाली, सव्वादहाला वीज गेली. फोनच्या हॉटस्पॉटवर कॉल चालू राहिला, पण त्याने मोजलं होतं ते साध्या कामाला, व्हिडिओला नव्हे. दोन तासांत बारा टक्के उरले. मग तो तीच बटणं दाबत उजेड उतरवत गेला. नीलांबरी सांगत होती, शेवटी स्क्रीनला नाक टेकवून कोड वाचत होता. तिसऱ्या माणसाशी बोलणं अर्ध्यावर असताना लॅपटॉप बंद पडला. फोनवरून पुन्हा आत शिरला, पण अंगठ्याने कोड कसला लिहिणार? समोरचा नम्रपणे म्हणाला, कळवतो. चार दिवसांनी कळवलं, दुसऱ्याला घेतलं. त्यानंतर कुठूनच बोलावणं आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान भरायला गेलो. तो अनयाची जॅकेटं घड्या करून बॅगेत ठेवत होता. मला राहवलं नाही. "एकच दिवस फुल केली असतीस तर काय बिघडलं असतं रे?"

त्याने हातातल्या जॅकेटची घडी मोडून पुन्हा नीट घातली.

"बसलो होतो त्या संध्याकाळी लिमिट काढायला. पासवर्डपण टाकला. मग वाटलं, आज हे काढलं म्हणजे आपणच मान्य केलं, की आपण इथे पाच वर्षं नाही आहोत. नाही काढवलं यार."

तेव्हा तरी माझ्या लॅपटॉपबद्दल बोलायला हवं होतं मी. मी बॅगेची चेन लावून दिली.