चार रंगांचं टाइमटेबल

सातवीत शाळा सोडलेला मी, अंबरनाथला कंपनीत हेल्परी करता करता बाहेरून दहावीला बसलो. अभ्यास म्हणजे टाइमटेबल, एवढीच आपली अक्कल. दर महिन्याला चार रंगांत नवं काढायचो आणि उल्हासनगरच्या एका सिंधी काकांकडे लॅमिनेशनला न्यायचो. काका गरम कागद बाहीने पुसून, फुंकर मारून हातात द्यायचे.

पाचव्या खेपेला त्यांनी मशीनच बंद केलं. "साईं, क्या पढेगा वो मत ला. कितना पढा वो लिखके ला."

आठवड्याने मी एकच ओळ लिहून नेली: 'रविवारी भूमितीला कव्हर घातलं.'

काका हसले नाहीत. तेवढ्याच ओळीचं झकास लॅमिनेशन करून दिलं.

आईला वाचता येत नाही. तिला वाटलं पोरगा पास झाला, हे सर्टिफिकेट. तिने ते भिंतीवर टांगून चाळीत पेढे वाटले. मग काय, झक मारत पास व्हावं लागलं.