दोन्ही पेडलं उजवी

जानेवारीतला दुसरा शनिवार. सकाळी सव्वासात. मंचरच्या पुढे, घोड नदीच्या पुलाजवळ.

हजर: बर्वे साहेब, आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहक कंपनीचे क्वालिटी हेड. शेवाळे साहेब, आमच्या चाकणच्या कारखान्याचे मालक. सलीमभाई, मेंटेनन्सचे प्रमुख आणि त्या दिवसापुरते टेम्पोचे ड्रायव्हर. आणि मी, सातपुते, प्लॅनिंग. सायकली तीन, हेल्मेट तीन, पाण्याच्या बाटल्या सहा.

सायकली टेम्पोतून उतरल्या होत्या. पेडलं अजून निळ्या क्रेटमध्ये होती. टेम्पो लहान, आणि पेडलं काढल्याशिवाय तीन सायकली एकमेकींना न घासता मावत नव्हत्या. "पेडल काढून क्रेटमध्ये ठेवणे, ६ नग" असं मीच यादीत लिहिलं होतं.

आता ही सहल का, ते सांगते. आम्ही गाड्यांची ब्रॅकेट बनवतो. ब्रॅकेट म्हणजे दिवा किंवा बंपर ज्याच्या आधाराने बसतो, ती वाकवलेली पत्र्याची पट्टी. डाव्या बाजूचं आणि उजव्या बाजूचं ब्रॅकेट आरशात बघावं तसं एकमेकांच्या उलट असतं. दिवाळीनंतर उजव्यांच्या पेटीत काही डावी गेली आणि ग्राहकाची लाईन थांबली. आमच्या धंद्यात याहून वाईट बातमी नाही. आम्ही रिपोर्ट दिला: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, मेमो आणि प्रशिक्षण दिले. त्या रिपोर्टवर बर्वे साहेब सोमवारी निर्णय देणार होते. पटला तर नव्या मॉडेलचं काम आम्हाला. नाही पटला तर आमची एक अख्खी शिफ्ट बंद.

बर्वे साहेबांना सायकलचं वेड. उन्हाळ्यात ते फ्रान्समध्ये आठ दिवस सायकल चालवून आले होते. नदीची खोरी, द्राक्षमळे, दगडी गावं. एका मीटिंगच्या शेवटी त्यांनी फोटो दाखवले. शेवाळे साहेबांचं घराणं चाकणजवळचंच, जुनं. फोटो बघून ते म्हणाले, "साहेब, एवढ्यासाठी इमानात बसलात व्हय? घोड, मीना, कुकडी, तीन नद्या हायेत. नारायणगावला द्राक्षं हायेत. जुन्नर तर फ्रान्सच्या आधीचं."

बर्वे साहेब हसले आणि तयार झाले. अट एकच. स्वतःची सायकल, स्वतःचा डबा, आणि कामाविषयी एक अक्षर नाही.

तर, पुलाजवळ. सलीमभाईंनी माझ्या सायकलला दोन पेडलं लावली आणि टेम्पो कडेला लावायला गेले. बर्वे साहेब नदीवरच्या धुक्याचे फोटो काढत होते. शेवाळे साहेबांना रिकामं उभं राहता येत नाही. ते लेथवर काम करून मालक झालेत, आणि पाना दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. उरलेली चार पेडलं त्यांनी घेतली. त्यातली दोन जड जायला लागली तेव्हा पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला. पाइप लावला की जोर वाढतो. न बसणारी वस्तूही बसते.

सलीमभाई परत आले तेव्हा आम्ही निघालो होतो.

पुढचा तासभर कसा गेला ते मला यादीत मांडता येणार नाही. मी पन्नाशीची बाई, वीस वर्षांनी सायकलवर बसले होते. हायवे सोडला आणि आतला रस्ता लागला. एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्येच वेशीची कमान आणि कमानीवर वाळत घातलेली गोधडी. बर्वे साहेब प्रत्येक म्हशीला घंटी वाजवून नमस्कार करत होते. शेवाळे साहेबांनी कंपनीचं चमकणारं सेफ्टी जॅकेट घातलं होतं आणि पायात ऑफिसचे बूट. चढाला ते "न्हाई जमत राव" म्हणायचे आणि उताराला सगळ्यांच्या पुढे असायचे. मी कारण नसताना मोठ्याने हसत होते. मागून टेम्पोतून सलीमभाई ओरडले, "मॅडम, हेच तुम्ही प्लॅनिंग मीटिंगला केलं असतं तर लोक वेळेवर आले असते."

मग मीना नदीच्या खोऱ्यात उतरणारा उतार लागला. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, घडांना कागद लावलेले. उतार संपला, बर्वे साहेबांनी जोरात पाय मारला आणि त्यांचं डावं पेडल निघून गेलं. पट्ट्यात अडकलेल्या बुटासकट. साहेब एका पायावर, अतिशय शांत चेहऱ्याने, रस्ता सोडून बागेत शिरले आणि रिकाम्या क्रेटच्या थप्पीवर जाऊन बसले. म्हणजे आधी थप्पी पडली, मग ते बसले.

आम्ही धावलो. लागलं काहीच नव्हतं. बागेच्या मालकीणबाई काढणी सोडून आल्या, आधी क्रेट मोजले आणि मग साहेबांच्या हातात काळ्या द्राक्षांचा घड ठेवला. साहेब एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत द्राक्षं खात पेडल निरखत होते. त्याच्या दांड्याच्या टोकावर अक्षर कोरलेलं असतं.

"सातपुते मॅडम," ते म्हणाले, "हे आर आहे. राइट. माझ्या डाव्या पायाखाली होतं."

सायकलच्या डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, नाहीतर पाय मारता मारता ते आपोआप सुटतं. उजवं पेडल डावीकडे पाइप लावून कोंबलं तर थोडा वेळ धरतं. मग असं होतं.

सलीमभाई शेवाळे साहेबांच्या सायकलजवळ वाकले होते. "शेठ, तुमचं उजवं पण लटकतंय. तुम्हाला दोन्ही डावी आलीत."

मालकीणबाईंनी पेडल हातात घेऊन उलटसुलट केलं. "डावीचा बैल उजवीला जुंपला तर तोबी गाडी वढत न्हाई," त्या म्हणाल्या. "साहेब लोकांना ठावं नसतं."

बर्वे साहेबांना हसू फुटलं. इतकं, की द्राक्ष घशात अडकून सलीमभाईंना त्यांची पाठ थोपटावी लागली. शेवाळे साहेब मात्र पांढरे पडले होते. डाव्या-उजव्याची तक्रार असलेल्या माणसाला आम्ही डावं-उजवं चुकवून मळ्यात पाडलं होतं.

"अट मी मोडतो," बर्वे साहेब डोळे पुसत म्हणाले. "पाच का."

कारखान्यात चूक झाली की "का?" असं पाच वेळा विचारायची पद्धत आहे. पहिलं उत्तर बहुधा माणसावर ढकललेलं असतं. खरं उत्तर खाली सापडतं.

पेडल का निघालं? चुकीच्या बाजूला लावलं म्हणून. का लावलं? शेवाळे साहेबांनी हात वर केला, म्हणाले, माझा निष्काळजीपणा, मला प्रशिक्षण द्या. साहेबांनी ते उत्तर घेतलंच नाही. हाताला चुकीचं का आलं? सहाही पेडलं एका क्रेटमध्ये होती. एका क्रेटमध्ये का? यादीत तसं होतं. यादीत का?

"यादी मी केली," मी म्हणाले. "दोन ओळींच्या जागी एक लिहिली. यादी लहान दिसते."

"आणि ब्रॅकेटची यादी कोण करतं?"

तीही मीच. ड्रॉइंगवर डाव्याचा नंबर वेगळा, उजव्याचा वेगळा. माझ्या रोजच्या शीटवर मात्र दोन्ही एका ओळीत, कारण शीट एका पानावर बसावी असा माझा आग्रह. लाईनवर ती एकाच ट्रॉलीतून जात. आम्ही ज्या ऑपरेटरला निष्काळजी ठरवलं होतं ती रंजना, लातूरकडची, चिखलीत राहणारी. तिने भरली ती पेटी माझ्या शीटप्रमाणेच भरली होती. हे मी तिथेच, थप्पीशेजारी उभी राहून सांगितलं.

बर्वे साहेब म्हणाले, "सोमवारी तो रिपोर्ट मी नापास करणारच होतो. आता नवा लिहून आणा. हाच."

नवा रिपोर्ट पास झाला. शीट आता दोन पानांची आहे. डाव्याची ट्रॉली लाल, उजव्याची निळी. नवं मॉडेल आमच्याकडे आलं. बर्वे साहेबांच्या सायकलचा क्रँक, म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडा, सलीमभाईंनी भोसरीत नवे उलटे आटे पाडून आणला. धडा म्हणाल तर एवढाच: पाइप लावावा लागला की थांबायचं, आणि यादी केवळ सुबक दिसते म्हणून लहान करायची नाही.

रंजनाचा मेमो त्याच आठवड्यात मागे घेतला. मी कागद घेऊन तिच्याकडे गेले, झालेलं सगळं सांगितलं. पेडलाचं ऐकून ती तोंडाला रुमाल लावून हसली. मग म्हणाली, "मॅडम, मेमो सकाळच्या मीटिंगमध्ये वाचला होता, सगळ्या लाईनसमोर. हे बी तिथंच सांगा."

मी हो म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. ती मीटिंग रोज साडेआठला, दहा मिनिटं असते. एकदा ऑडिट आलं, एकदा पाहुणे, एकदा मीच विषय बदलला. माझ्या वहीत त्या ओळीपुढे अजून टिक नाही.