दादाची गाडी आणि माझे मॉड

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढं हसताना कुणाला संकोच नको. कॉम्प्युटरवर बसचा गेम टाकला, सेटिंग उघडली आणि त्यात जे जे बंद होतं ते ते मी चालू केलं. मोशन ब्लर म्हणजे काय, मला काही माहीत नव्हतं. पण फुल्ल करायची सोय होती, म्हणून फुल्ल केला. फुकट मिळतंय ते सोडायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम आहे.

जिंतूरला बसस्टँडच्या समोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. असल्या दुकानात लोकांचे कागद मागं राहतात. मशीनच्या काचेवर कुणाचं आधार कार्ड, प्रिंटरखाली कुणाचा फोटो. न्यायला कुणी येत नाही आणि मला फेकवत नाही. मागच्या दोन वर्षांत किस्सेही तसेच साचलेत.

तर ब्लर. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, सव्वीस वर्षं लाल गाडीचा ड्रायव्हर. त्याला मी गेमपुढं बसवलं. टेबलाला गेमचं एक जुनं स्टिअरिंग आवळून ठेवलं होतं. त्यानं ते दोन बोटांनी फिरवून बघितलं आणि म्हणाला, "पोळपाट बरंय."

गाडी निघाली. चाळीसच्या स्पीडला झाडं, घरं, रस्त्याची कड, सगळं बोटानं फासटल्यावानी झालं. पाचव्या मिनिटाला दादा उठला, दुकानाच्या पायरीवर गेला आणि भडाभडा ओकला.

सव्वीस वर्षं ज्यानं लोकांच्या उलट्या गाडीतून धुऊन काढल्या, त्याला गाडी लागली! तीही खुर्चीवर बसून.

तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "शोभे, हे ज्यानं केलंय त्यानं कधी गाडी चालवली न्हाई."

"कामून?"

"झाडं पळत्यात ती पॅसेंजरला. तो बाजूच्या खिडकीतून बघतो. ड्रायव्हर लांब बघतो. लांबचं काही पळत नसतं. ते सावकाश जवळ येतं."

मी ब्लर बंद केला.

*

दादाला गेमपुढं का बसवलं, ते सांगायला पाहिजे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. हा आजार लय लबाड. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर कुरतडतो आणि मधली शेवटाला ठेवतो, त्यामुळं माणसाला पत्ता लागत नाही. दादा म्हणायचा, "आधी डावा आरसा गेला, मग उजवा. समोरची काच हाय अजून."

डावा आरसा गेलाय हे त्याला कळलं झरीच्या अलीकडं. जिंतूर-परभणी गाडी, पॅसेंजर उभे. डावीकडून एक सायकलवाला पुढं आला आणि दादाला तो दिसलाच नाही. त्याचे कंडक्टर गफारमामा मागून ओरडले, म्हणून ब्रेक लागला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सायकलवाला शिवी देऊन निघून गेला.

पण दादानं झरीच्या स्टॉपवर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मामांना म्हणाला, "मागची गाडी आली की सगळ्यांना तिच्यात बसवा. मी पुढं नेत न्हाई."

पॅसेंजर लय बोलले. एका बाईला परभणीला दवाखान्यात पोचायचं होतं, ती रडायला लागली. दादा झाडाखाली सगळ्यांकडं पाठ करून उभा. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्यानं डोळे तपासून घेतले आणि त्याची ड्रायव्हरकी संपली.

मग बाजेवर पडून राहायचा. नोकरी गेली याबद्दल एक शब्द नाही. बोलायचा ते एकच. "सव्वीस वर्षांत एक फेरी अर्धी राहिली. परभणी सांगून बसवलं आणि झरीला उतरवलं."

मधली नजर किती दिवस टिकेल ते डॉक्टरांना सांगता येईना. मी म्हटलं, आहे तोवर त्याची फेरी पुरी करून द्यावी. खऱ्या रस्त्यावर आता जमणार नव्हतं. पण कुणा भल्या माणसानं जिंतूर, बोरी, झरी, परभणी असा रस्ता घरी बसून बनवला होता आणि नेटवर टाकला होता. गेमला अशी घरगुती जोड लावतात तिला मॉड म्हणतात. मॉडनं गाडी बदलता येते, रस्ता बदलता येतो, पाऊस पाडता येतो. डोळे तेवढे बदलता येत नाहीत, पण ते मला नंतर समजलं.

*

ब्लर बंद केल्यावर दादा पुन्हा बसला. इंजिन चालू केलं आणि नुसता बसून राहिला. पाच मिनिटं झाली तरी गाडी हलेना. मला वाटलं गेम अडकला. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. परत तेच. तिसऱ्यांदा बटनाला हात लावला तर दादा वैतागला.

"घंटी कुठं दिली अजून?"

गेममध्ये घंटी नव्हती. गफारमामांना फोन लावला. ते तोवर रिटायर झाले होते. दहा मिनिटांत आले, दादाच्या मागं स्टूल टाकलं, माझा पाण्याचा स्टीलचा ग्लास रिकामा केला आणि त्यावर चमच्यानं दोनदा वाजवलं. टिंग टिंग. गाडी हलली.

तिथून पुढं रोज दुपारी चारची गाडी. बोरीला पाच मिनिटं चहा, तोही खरा. मी एकदा म्हटलं, "मामा, गेममध्ये कशाला थांबायचं?"

"टायमाच्या आधी गाडी काढली तर रिपोर्ट होतो, ताई."

आणि झरी आली की दादा हँडब्रेक ओढायचा, उठायचा, चप्पल घालायचा. पुढं जातच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "झरीच्या पुढचा रस्ता आपला वाटत न्हाई. कुठल्या तरी मुलखातली झाडं लावलीत. खोट्या रस्त्यानं फेरी पुरी केली तर ती बी खोटीच."

*

मग मी कामाला लागले. माझ्यासारखी बाई कामाला लागली की आसपासच्यांनी सावध व्हायला पाहिजे. 'रस्ता अगदी खराखुरा दिसेल' असं एक मॉड सापडलं, ते टाकलं. ऊन चमकायला लागलं, ढगांना सोनेरी कडा आल्या, डांबर तर आरशासारखं झालं. मी सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं.

दादानं गाडी काढली ती पंधराच्या स्पीडनं.

"दादा, जरा दाब की."

"रस्ता वल्ला हाय, दिसत न्हाई का? भरलेली गाडी हाय."

"अरे, ऊन पडलंय."

"मग कुणाचं तेल सांडलं असंल."

मागून मामांनी माझ्या मोकळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "सगळे बसून घ्या. गाडी घसरायलीय."

बोरीपर्यंत जायला त्या दिवशी दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी मी ते मॉड काढून टाकलं. त्याच्या जागी जे टाकलं त्यानं झरीच्या पुढं देवदाराची झाडं उगवली आणि त्यांच्यावर बर्फ. दादानं हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, "सोयाबीन गेलं म्हणायचं यंदा."

*

शेवटी कांबळे पेंटरला आणलं. यांनी बारा-पंधरा वर्षं गाड्यांच्या पाट्या रंगवल्या, गावागावांचे बोर्ड रंगवले. माऊसला जन्मात हात लावलेला नव्हता. मी त्यांना दाखवलं की गेममधलं झाड, घर, पाटी, सगळी शेवटी चित्रंच असतात. चित्र उघडायचं, रंगवायचं, परत जागेवर ठेवायचं. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. फक्त रंग बदलताना दर वेळी माऊस पँटीला पुसायचे.

दादा डोळे मिटून सांगायचा, कांबळे रंगवायचे. इथं बाभळी. इथं पडकं भिताड. इथं पाण्याची टाकी, तिच्यावर अर्धी पुसलेली जाहिरात. "अर्धी कशी पुसू?" म्हणून कांबळेंनी ती आधी पुरी रंगवली आणि मग पुसली.

चार महिने चाललं. पण तोवर दादाची समोरची काचही जायला लागली होती. "बोर्डाचं अक्षर जरा मोठं करा," एवढंच म्हणाला. कांबळेंनी मोठं केलं. आठ दिवसांनी परत, "अजून थोडं." मग मी रस्त्याच्या कडा पांढऱ्या फट्ट केल्या, झाडं पोपटी केली, आभाळ काढूनच टाकलं. रस्ता देखणा करणारे सगळे मॉड गेले, ठळक करणारे तेवढे राहिले. बोरीचं नाव शेवटी घराएवढं झालं.

एकदा फॉर्म भरायला आलेल्या माणसानं स्क्रीन बघितली आणि हसला. "रस्ता हाय का वरातीची लायटिंग?"

कांबळे कधी कुणाला उलट बोलत नाहीत. त्यांनी माऊस पँटीला पुसला आणि म्हणाले, "बोर्ड वाचणाऱ्यासाठी असतो, साहेब. तुमाला परभणीला जायचंय का?"

*

हा किस्सा लहान आहे. वहिनी एकदा दुकानात आल्या, दादाचा डबा टेबलावर ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वन्सं, घरी ते मला आवाजावरून ओळखायलेत. काल कपाच्या शेजारी चहा वतला. तुमच्या दुकानात रस्ता कसा काय दिसतो त्यांना?"

मी मोठ्या हुशारीनं सांगितलं, "वहिनी, आमची स्क्रीन मोठी आहे. ब्राइटनेस फुल्ल ठेवते मी."

वहिनी हसल्या आणि माझ्या गालाला हात लावून गेल्या. मला वाटलं, त्यांना पटलं.

*

कांबळेंचा रस्ता एका शनिवारी पुरा झाला. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून रविवारी दुपारी गाडी काढायची ठरली. वहिनी पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा घेऊन आल्या. तो त्यांनी दादाच्या कपाळाला लावला आणि पोळपाटालाही लावला. कांबळे इस्त्रीचा शर्ट घालून आलेले.

निघायच्या तोंडावर लाइट गेली. आली तेव्हा सगळं नव्यानं चालू केलं, टिंग टिंग झालं, गाडी निघाली.

त्या दिवशी मामांनी स्टूल मागं नाही, दादाच्या अगदी बाजूला ओढलं होतं. डावा हात दादाच्या खांद्यावर. आणि तोंड एकसारखं चालू. "चला, नाका गेला. आता सरळच हाय बोरीपतोर. हां, वळण आलं, उजव्या अंगाला म्हशी बसल्यात, म्हशींकडंच जायचं. बास. आता पूल. कठड्याला रंग छान दिलाय कांबळेंनी, कठडा डाव्या हाताला, हातभर लांब."

मला वैताग आला. एवढ्या महिन्यांची खटपट, आणि हे माणसाला धड बघू देईनात.

"मामा, जरा गप बसा की. ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहिलेलं असतंय."

"ड्रायव्हरशी कोण बोलतंय, ताई? मी पॅसेंजरशी बोलायलोय." आणि वहिनींकडं बघून, "हाव ना बाई?"

वहिनी म्हणाल्या, "हाव."

बोरीच्या पुढं माझं लक्ष गेलं. कांबळेंच्या बाभळी, पाट्या, पांढऱ्या कडा, सगळं फासटलेलं होतं. लाइट गेल्यावर सेटिंग मी पहिल्या दिवशी केली होती त्या जागेवर गेली होती. ब्लर फुल्ल. मी दादाकडं बघितलं. आता ओरडेल, आता उठून पायरीवर जाईल. तो शांत बसला होता. लांब बघत होता.

मी माऊसकडं हात नेला. कांबळेंनी माऊस उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

झरी आली. दादानं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. रोज इथंच उठायचा. मामांनी गळा साफ केला आणि दाराशी उभं राहिल्यासारखं म्हणाले, "परभणी, परभणी. चला, दवाखान्यावाल्या बाईला पुढची सीट द्या." मग ग्लास उचलला. टिंग टिंग.

दादानं ब्रेक सोडला. झरी मागं गेली.

पुढचा अर्धा तास मामा बोलत होते आणि दादा वळवत होता. भिताड आलं, टाकी आली. परभणीत शिरल्यावर मामांचा आवाज बसला होता, तरी थांबले नाहीत. गाडी स्टँडात गेली, फलाटाला लागली, कुठं घासली नाही. दादानं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून म्हणाला, "उतरा."

वहिनी खुर्चीवरून उठल्या आणि खरंच दुकानाची पायरी उतरून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं कांबळे उतरले.

मामा नळाखाली ग्लास विसळत होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "मामा, खरं सांगा. दादाला काही दिसत होतं का?"

मामांनी ग्लास पालथा घातला, चमचा त्याच्या शेजारी नीट ठेवला.

"मला काय ठाव, ताई. मी कंडक्टर. मी मागं बसतो."