छडी उगारणारी आई

कोबेतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात. बँकेने मला इथे पाठवलं तेव्हापासून त्यांचं घर म्हणजे माझं माहेर. आमचं बोलणं जपानीत चालतं. लहानपणी, ऐन युद्धात, आजींनी शांघायमध्ये एका चित्रपटात काम केलं होतं. त्याच्या बाकीच्या प्रती जळून गेल्या. उरलेली एकमेव प्रत इथल्या एका संग्राहकाच्या हाती लागली, आणि आपल्या मित्रांना ती दाखवताना त्याला आजी शेजारी हव्या होत्या, शोभेला. मी म्हटलं, जाऊ नका. पण त्यात आईच्या भूमिकेत आजींची खरी आईच होती. पुढे बाँबहल्ल्यात घराबरोबर ती गेली, फोटोही गेले. तिचा चेहराच आठवत नाही, आजी म्हणाल्या. मग मीही सोबत गेले.

संग्राहकाच्या दिवाणखान्यात पाच-सहा जण जमले होते. रिळाला पांढरे हातमोजे घालून हात लावणारी, हळू आवाजात बोलणारी सभ्य माणसं. पडद्यावर पाठमोरी आई भात सांडणाऱ्या मुलीला छडीने मारत होती. पोर रडेना म्हणून दिग्दर्शकाने खरंच मारायला लावलं होतं. तिचं नाक फुटलं, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं, तरी छडी थांबेना. या मंडळींना चित्रपटाचं वेड होतं ते त्या खऱ्या रक्तासाठीच.

"सुगोई, काय जबरदस्त!" कोणीतरी पुटपुटलं.

"तेवढाच भाग पुन्हा दाखवता का?" दुसऱ्याने अदबीने विचारलं.

पुन्हा मारलं. मग आणखी एकदा. ज्या नाकातून ते रक्त आलं ते नाक शेजारी बसलंय, याचं कोणाला काही नव्हतं. आजींची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. संग्राहक परत रीळ मागे घ्यायला लागला तेव्हा माझं डोकं सटकलं. मी उठून त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो कपाटावर आदळला, ओठ फाटला, हातमोजा लाल झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणखी एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

"खाली बस," आजी म्हणाल्या.

"चला आजी, घरी जाऊ. माणसं आहेत का ही?"

"छडी उगारताना आई वळते. तेवढाच तिचा चेहरा दिसतो." मग त्या संग्राहकाला म्हणाल्या, "पुन्हा लावा."

त्याने ओठावर रुमाल दाबून रीळ मागे घेतलं. मी निमूट बसले. छडी वर गेली, तशा आजी खुर्चीतून पुढे झुकल्या.