काचेला न लागणारं बोट

आम्ही ढाब्यावरच्या उरलेल्या रोट्यांवर वाढलो. बाबा कारंजा गावाजवळ हायवेवरच्या एका ढाब्यात भट्टीवर होते. पेटत्या भट्टीत हात घालून रोट्या चिकटवायच्या, हे काम. भाजून भाजून त्यांच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. घरी चुलीतला निखारा ते हातानंच सरकवायचे. आम्हा भावंडांना त्याची गंमत वाटायची. आई तोंड फिरवायची.

मी शिकले. घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी कुणी न विचारताही सांगते. बाबांचा जुना बटनाचा फोन बंद पडला तेव्हा पहिल्या पगारातून त्यांना मोठ्या स्क्रीनचा घेऊन दिला. त्याला समोर एकही बटन नव्हतं. खाली काचेवर तीन खुणा, त्याही मधेच गायब व्हायच्या.

ढाब्याच्या मालकाचा, शेठचा फोन आला की कामावर जायचं. नाही उचलला तर तो दुसऱ्याला बोलावणार. ऐन लग्नसराईत फोन वाजला. बाबांनी हिरव्या गोलावर बोट घासलं. थुंकी लावून घासलं. काचेला ते बोट लागतच नव्हतं. मी बाहेरून धावत येईपर्यंत फोन वाजून वाजून थांबला.

बाबा आणि मी ढाब्यावर धावलो तर भट्टीवर दुसराच उभा. बोटानं फोन उचलताच येत नाही, असं बाबांनी सांगितलं, तर शेठनं सगळ्यांसमोर त्यांना फोन काढायला लावला.

"घासून दाखव. घास, घास."

बाबा घासत होते. ट्रकवाले खाटांवरून बघत होते.

"मुडद्याचं बोट हाय हे," शेठ म्हणाला. "फोनले समजते, कोन जिता हाय न कोन मेला. काऊन गा, तेरवी कधी हाय तुही?"

आतून खानसामा ओरडला, "पन शेठ, तेरवीच्या रोट्या कोन लावन?"

"हाच लावन!"

सगळे हसले. बाबाही हसले. तेच मला सोसलं नाही. काम त्याच दिवशी गेलं.

घरी येऊन मी त्या फोनची सगळी सेटिंग उलटीपालटी केली. शेवटी सापडलं: बाजूचं आवाजाचं बटन दाबून फोन उचलता येतो, चालू-बंदच्या बटनानं कापता येतो. मग आईनं समोर बसून फोन लावायचा, बाबांनी खट्‌ करून दाबायचं.

"कोन बोलून राह्यलं?"

"तुमची बायको! कापा आता."

माझ्या पगारावर घर चालू लागलं होतं. तेवढ्यात शेठचा नवा माणूस भर गर्दीत पळून गेला, आणि बाबांचा फोन वाजला. बाबांनी घाई केली नाही. बाजूचं बटन दाबलं. शेठचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"लवकर ये गा! वऱ्हाड बसलं हाय, भट्टीवर कोनी नाई."

"मी कसा येऊ, शेठ? मी तं मेलो न."

"मजाक नोको करू. हात जोडतो तुले."

"पुन्हा म्हना. म्हना, म्हना."

शेठ पुन्हा म्हणाला. मागं वऱ्हाडातलं कुणीतरी शिव्या घालत होतं. बाबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि बटन दाबलं.

माझ्या बापानं शेठचा फोन स्वतः उचलला आणि स्वतः कापला.